माझ्याआधी कुणीतरी विणलं

आमच्या घरात देव्हाऱ्याखालच्या फळीवर एक धोटा असे. लाकडी, दोन्ही टोकांना निमुळता, टोकांवर लोखंडी टोप्या आणि मध्ये बाबीण बसायची खाच. आजोबांनी गिरणी सोडताना तो आणला होता. आम्ही नातवंडं त्याला होडी म्हणायचो. आजोबा खुशीत असले की तो हातात घेत, खाचेत दोऱ्याचं रीळ ठेवत, दोऱ्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकाशी धरत आणि भोकाला तोंड लावून श्वास ओढत. दोरा सुळकन बाहेर. दिवसातून शेकडो वेळा असं करत त्यांनी आयुष्य काढलं होतं. आम्हाला ती जादू वाटायची. ते म्हणत, "जादू न्हाय रं. जेकबची शाळा."

जेकब म्हणजे परळची जेकब ससून मिल.

आजोबा संगमेश्वराकडचे. 1932 साली, सोळा-सतरा वर्षांचे असताना, जयगडहून बोटीत बसले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. गाववाल्यांच्या खोलीत पथारीपुरती जागा, खानावळीचं जेवण, आणि रोज पहाटे गिरणीच्या दारात बदलीसाठी उभं राहणं. पुढे वीव्हिंग खात्यात कायम झाले. ई. डी. ससून कंपनीच्या गिरण्यांना घरच्या माणसांची नावं होती: जेकब, रेचेल, एडवर्ड, मेयर. रेचेल ही जेकबची बायको. आजोबांना हे सगळं एखाद्या वाड्यातल्या माणसांसारखं वाटे. "कोकनातल्या मानसाचं पोट भरनारं येक कुटुंब," असं ते सांगायचे. त्या कुटुंबातला एकही माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

मला मात्र मोठेपणी या गोष्टीचं नवल वाटत आलं, की आजोबांच्या बोटीच्या बरोबर शंभर वर्षं आधी त्याच बंदरात आणखी एक बोट लागली होती.

डेव्हिड ससून 1832 साली मुंबईत आला. चाळिशीला टेकलेला, डोक्याला पागोटं, अंगात पायघोळ झगा, बोलायला अरबी. त्याचे वडील शेख ससून हे बगदादच्या पाशांचे खजिनदार आणि तिथल्या ज्यू समाजाचे प्रमुख. पण दाऊद पाशाच्या राजवटीत ज्यूंवर वरवंटा फिरला, तेव्हा मुलाला रातोरात बगदाद सोडावं लागलं. झग्याच्या अस्तरात मोती शिवून तो निघाला, असं सांगतात. मोत्यांची गोष्ट खरी असो वा नसो, पळणं खरं होतं. आधी बसरा, मग इराणच्या किनाऱ्यावरचं बुशहर. म्हातारे वडीलही मागोमाग आले आणि बुशहरलाच वारले. तिथून मुलगा बायकापोरांसह मुंबईला आला.

बोटीतून उतरणाऱ्या दोघांत फरक एवढाच, की एकाच्या पाठीशी पिढ्यान्‌पिढ्यांची पेढी चालवण्याची अक्कल होती आणि दुसऱ्याच्या पाठीशी तांदळाची गाठोडी. परत जायचं ठिकाण कोकणातल्या माणसाला होतं, गणपतीला आणि शिमग्याला. बगदादच्या माणसाला तेही नव्हतं. म्हणूनच असेल, त्याने या शहरात मुळं फार खोल घातली.

तो आला तेव्हा वेळही बरोबर जुळली. ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारातली मक्तेदारी 1833 मध्ये संपुष्टात आली. दरवाजा उघडला होता; आत कोण शिरतं एवढाच प्रश्न होता. डेव्हिडने इराणच्या आखाताशी कापडाचा आणि मालाचा व्यापार सुरू केला, मग नजर पूर्वेला वळवली. पूर्वेच्या व्यापारात सगळ्यात मोठा माल होता अफू. मालव्यातल्या संस्थानांत पिकणारी अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाई. पहिल्या अफूयुद्धानंतर 1842 च्या तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं आणि चीनची पाच बंदरं उघडली. दोनच वर्षांत डेव्हिडचा दुसरा मुलगा इलायस चीनला पोहोचला होता.

या घराण्याची खरी यंत्रणा म्हणजे मुलगे. डेव्हिडला आठ मुलगे होते. कुणी कँटनला, कुणी शांघायला, कुणी हाँगकाँगला, पुढे लंडनला. परक्या दलालावर विसंबायचं कामच नाही. पत्रव्यवहार अरबीत, पण लिपी हिब्रू. वाटेत कुणी पत्र फोडलं तरी वाचणार कोण? शनिवारी पेढी बंद. मालव्यातल्या व्यापाऱ्यांना आगाऊ रकमा देऊन माल आधीच बांधून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. तिच्यापुढे चीनच्या व्यापारातल्या जुन्या बड्या गोऱ्या कंपन्याही हळूहळू बाजूला झाल्या. डेव्हिड 1853 मध्ये ब्रिटिश नागरिक झाला, त्या कागदावरही त्याने सही हिब्रूतच केली.

मग अमेरिकेत यादवी पेटली. 1861 ते 1865 या काळात तिथला कापूस लँकेशायरला जाईना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचं वेड लागलं आणि 1865 मध्ये ते उतरलं तेव्हा भल्याभल्यांची दिवाळी निघाली. ससून तरले. पण म्हातारा ते पाहायला नव्हता. नोव्हेंबर 1864 मध्ये तो पुण्यात वारला आणि पुण्यातच, लष्करातल्या लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या सिनेगॉगच्या आवारात, त्याला पुरलं. तेव्हा देऊळही अजून पुरं व्हायचं होतं.

अफूच्या आणि कापसाच्या पैशातून त्याने जे उभं केलं, ते आजही आपल्या पायाखाली येत असतं. माहीमची वाट चुकलेल्या मुलांसाठीची औद्योगिक शाळा. भायखळ्याचं सिनेगॉग. राणीच्या बागेतला घड्याळाचा मनोरा. पुण्यातलं अनाथ पंगू गृह, म्हणजे नवी पेठेतला आजचा 'निवारा'. आणि पुणे स्टेशनाजवळचं ते रुग्णालय, ज्याचं नाव घेताना पुणेकर 'रुग्णालय' हा शब्द लावतच नाही. 'ससूनला नेलंय' एवढंच म्हणतो. त्या तीन अक्षरांत एका माणसाचं आडनाव आहे, हे कितीजणांच्या ध्यानात येतं?

डेव्हिडच्या मागे गादी थोरल्या अब्दुल्लाकडे आली. तोच पुढे सर अल्बर्ट झाला. धाकटा इलायस इतकी वर्षं चीनमध्ये राबलेला. त्याने 1867 मध्ये वेगळी चूल मांडली. ई. डी. ससून आणि कंपनी ती हीच. आपल्याकडच्या कुठल्याही भाऊबंदकीसारखीच ही गोष्ट. फक्त इथे वाटणी झाली ती बंदरांची. अब्दुल्लाने 1875 मध्ये कुलाब्याला समुद्रात भराव घालून ससून डॉक बांधला. मोठ्या जहाजांतला कापूस-कापड उतरवण्यासाठी केलेला तो धक्का आज कोळणींच्या आरोळ्यांनी पहाटे जागा होतो. इलायसच्या वारसांनी गिरण्या घेतल्या आणि बांधल्या. त्याचा मुलगा जेकब हा या धंद्यातला खरा गिरणीवाला. मुंबईच्या मोठ्यात मोठ्या गिरणीमालकांत त्याची गणना व्हायची. तो 1916 मध्ये गेला.

आणि या जेकबपासूनच आमच्या घराचा आणि या घराण्याचा दुसरा धागा सुरू होतो.

माझे वडील 1950 नंतरच्या दशकात मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रसायनशास्त्र शिकले. चाळीत बी. एस्‌सी. होणारे ते पहिले. ती संस्था 1920 साली उघडली, आणि ती उभी राहिली ती कावसजी जहांगीर, करीमभाई इब्राहिम, वसनजी मुळजी आणि जेकब ससून यांच्या देणग्यांवर. पहिल्या वर्षी वडिलांनी ही नावं वाचली आणि घरी येऊन आजोबांना सांगितलं. आजोबांनी म्हणे गिरणीच्या खात्यात सगळ्यांना पेढे वाटले. मुलगा 'जेकबच्या कॉलेजात' गेला म्हणून.

कॉलेजपासून चालत पाच-सात मिनिटांवर डेव्हिड ससून वाचनालय. पिवळसर मालाड दगडाची, कमानींची ती इमारत 1870 साली पुरी झाली. मुळात टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या तरुण यंत्रकामगारांनी वाचायला जागा हवी म्हणून 1847 मध्ये मंडळ काढलं होतं. डेव्हिडने त्यांना साठ हजार रुपये दिले. आत शिरताच जिन्याशी त्याचा संगमरवरी पुतळा आहे, झगा आणि पागोटं घातलेला. वर व्हरांड्यात लांब हातांच्या आरामखुर्च्या, मागे फोर्टच्या गोंगाटाला पाठ करून बसलेली बाग. नोकरी लागल्यावर वडिलांनी पहिल्या पगारातून तिथली वर्गणी भरली. समोरच्या चौकात तेव्हा अजून काळा घोडा होता, सातवा एडवर्ड वर बसलेला. 1879 मध्ये बसवलेला तो पुतळाही अल्बर्टचीच भेट. 1965 मध्ये तो राणीच्या बागेत हलवला. वडील गमतीने म्हणत, "बादशहा गेला, घोडा गेला, खुर्ची तेवढी राहिली."

त्याच खुर्चीत बसून वडिलांनी एकदा ससून घराण्यावरचं एक पुस्तक वाचलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं आई सांगायची. चीनमधल्या अफूबाजांच्या खोल्या, वाळून काष्ठ झालेली माणसं, तोफांच्या जोरावर उघडलेली बंदरं. हे सगळं त्यांना ठाऊकच नव्हतं असं नव्हे. पण ती अफू आणि आपण टेकून बसलोय ती खुर्ची, यांचा संबंध त्यांनी कधी लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बापलेकांत वाद झाला. मी तेव्हा पाळण्यात होते. पण हा वाद आमच्या घरी इतक्या वेळा सांगितला गेला, की मला तो ऐकल्यासारखाच वाटतो.

वडील म्हणाले, "आपण ज्याचं नाव घेतो, तो पैसा अफूचा आहे. माणसं मारून मिळवलेला."

आजोबा सुपारी कातरत होते. म्हणाले, "आनि मी कापड इनलं त्ये?"

"ते वेगळं. तुमचा घाम गिरणीत गेला. पण इन्स्टिट्यूटला जेकबने पैसे दिले तेव्हा तुम्ही मुंबईत आलाही नव्हतात. माझ्या शिक्षणाच्या भिंतीत तुमच्या मागाचा एक दोराही नाही. हिशेब जुळत नाही, दादा."

आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला. "माज्याआदी कुनीतरी इनलंच की."

बस्स. यापुढे ते एक शब्द बोलले नाहीत. वडिलांनाही मग बोलता आलं नाही.

मला वाटतं, माझ्या घराण्याने या जगाला दिलेलं हेच एक वाक्य आहे. दात्याचं नाव दगडावर कोरलेलं असतं. पण त्या देणगीत कोण कोण विणलं गेलंय, हे कुठल्या दगडावर लिहायचं? मालव्यात अफूच्या बोंडांना चिरे देणारा शेतकरी त्यात आहे. कँटनमध्ये नळी ओढत बायकोचे दागिने विकणारा चिनी माणूस त्यात आहे. खानदेश-वऱ्हाडातून कापसाच्या गाड्या हाकणारे आहेत. 1900 च्या आसपास, गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि पाळी सूर्य मावळल्यावरही लांबू लागली, तेव्हा त्या उजेडात उभे असलेले साताऱ्याचे, रत्नागिरीचे कामकरी आहेत. ऋण मानायचं तर या सगळ्यांचं. ते न मानता नुसत्या पुतळ्याला हात जोडणं म्हणजे सावकाराचा चेहरा पाहून मुद्दल विसरणं. आणि पुतळ्याकडे पाठ फिरवणंही खोटंच, कारण त्या जिन्याने वर चढून आपण वाचलेलं आहे.

घराण्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. अल्बर्ट 1890 मध्ये बॅरोनेट झाला. मुलं-नातवंडं लंडनला गेली, राजपुत्राच्या पंगतीला बसू लागली. पेढीचे हिशेब बघायला मुंबईत उरलं कोण? थोडा काळ एक बाई उरली. डेव्हिडचा मुलगा सॉलोमन 1894 मध्ये गेल्यावर त्याची बायको फ्लोरा हिने डेव्हिड ससून कंपनीचा मुंबईतला कारभार स्वतः चालवला. हिब्रू धर्मग्रंथांत पारंगत बाई. शहरात प्लेग फैलावला तेव्हा लोक लशीला घाबरत होते, त्या दिवसांत ती लस बनवणाऱ्या हाफकिनच्या बाजूने उभी राहिली. 1901 मध्ये तीही इंग्लंडला गेली. डेव्हिडचा एक पणतू सिगफ्रिड ससून पहिल्या महायुद्धात लढला आणि युद्धाविरुद्ध कविता लिहून नावाजला. बाप ज्यू धर्माबाहेर लग्न केल्यामुळे घराण्याने तोडलेला, त्यामुळे अफूचा पैसा त्याच्या वाट्याला फारसा आलाच नाही. इलायसच्या शाखेतला व्हिक्टर आपला पैसा शांघायला घेऊन गेला. तिथे 1929 मध्ये त्याने नदीकाठी कॅथे हॉटेल बांधलं. वीस वर्षांत माओचं राज्य आलं आणि तेही गेलं. मुंबईच्या गिरण्या 1943 मध्ये विकल्या गेल्या, त्यांचं नाव इंडिया युनायटेड झालं. 1974 मध्ये त्या सरकारच्या ताब्यात गेल्या. 1982 चा संप आला आणि गिरणगावच बसलं. आजोबांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'जेकब'च.

आणि पुण्यात लाल देऊळ.

वडिलांना पिंपरीला औषधाच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि आम्ही पुण्याला आलो. 1989 च्या पावसाळ्यात आईच्या पोटात रक्तस्राव झाला. जवळ फार पैसे नव्हते. रात्री दीड वाजता रिक्षात घालून तिला ससूनला नेलं. दारात आमचं नाव, वय, गाव एवढंच विचारलं. पहाटे ऑपरेशन झालं. चार बाटल्या रक्त लागलं. दोन आम्ही भावंडांनी दिल्या, दोन रक्तपेढीतून आल्या. कुणाच्या, ते आजतागायत माहीत नाही.

त्या वॉर्डात एक सिस्टर होत्या. ठसठशीत मराठी, कपाळ मोकळं. रात्री आई झोपली की माझ्याशी गप्पा मारत. मी त्यांना म्हटलं, "12 जानेवारी 1924 ला गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन इथेच झालं ना? दिवे गेले आणि कंदिलाच्या उजेडात ते पुरं केलं?" त्या हसल्या. "कर्नल मॅडॉकनी. इथे ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येकीला ही गोष्ट ऐकावी लागते." मग मी घाईघाईने डेव्हिड ससूनबद्दल बोलू लागले. त्यांनी मला थांबवलं. "मी बेने इस्राएल आहे. आम्ही कोकणातले, अलिबागकडचे. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. म्हणून शनवार तेली म्हणायचे आम्हाला. लाल देऊळ बगदादी लोकांचं. आमचं देऊळ रास्ता पेठेत." थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "ते आम्हाला पुरते आपले मानत नसत हो. पण हॉस्पिटल बांधलं ते सगळ्यांसाठी. माणूस असाच असतो. एक हात आखडता, एक हात मोकळा."

मी दुसऱ्या दिवशी डबा आणायला जाताना मुद्दाम लाल देवळावरून गेले. लाल विटांचा उंच मनोरा, वर घड्याळ, पावसाने काळपट पडलेल्या कडा. फाटकातून एका बाजूला घुमटाखाली ती समाधी दिसत होती. बगदादहून निघालेला माणूस तिथे निजला होता. मी हात जोडले नाहीत. का कोण जाणे, मला धोटा आठवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. बसरा, बुशहर, मुंबई, शांघाय, लंडन. प्रत्येक फेरीला मागे एक दोरा सोडत. आणि तो दोरा ज्या ताण्यात गुंतत गेला, त्या उभ्या धाग्यांना नाव नव्हतं.

आई त्यानंतर एकोणीस वर्षं जगली.

ते दोन अनोळखी माणसांचं रक्त मी फार दिवस मनात घोळवत राहिले. देणगी द्यायची तर माझ्याकडे काय होतं? शेवटी एक गोष्ट सापडली. आईच्या ऑपरेशनच्या तारखेला दरवर्षी ससूनच्या रक्तपेढीत जाऊन रक्त द्यायचं. घरात एक-दोन वर्षं लोक हसले, मग सवय झाली. एकदा वडीलही आले होते, पण वयामुळे त्यांना परत पाठवलं. ते बाहेर बाकावर बसून राहिले. मी हाताला कापूस दाबून बाहेर आले तर म्हणाले, "दादांना हे आवडलं असतं. इथे दात्याचं नाव बाटलीवर लिहीत नाहीत."

यंदा गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने अर्जावरची जन्मतारीख पाहिली. माझ्या मुलाच्याही मुलासारखा वाटावा इतका कोवळा. म्हणाला, "ताई, पासष्टच्या वर घेत नाहीत. हे शेवटचं हं."

मी खुर्चीत मागे रेलले, मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. नळीतून रक्त सावकाश खाली उतरत होतं. लाल, बारीक, अखंड धाग्यासारखं. शेजारच्या खुर्चीत एक कॉलेजचा मुलगा डोळे घट्ट मिटून बसला होता. पहिलीच वेळ असावी.

"दुखत नाही," मी त्याला म्हटलं. "नुसतं इकडे बघू नकोस."

त्याने एक डोळा उघडला आणि बघितलंच.